अंबाझरीचें माप

स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथांत एक लहानसें कोष्टक आजहि छापलेलें आढळतें. त्यांत रकाने दोनच. डाव्या रकान्यांत वर्षाचा एकंदर पाऊस. उजव्या रकान्यांत, त्या पावसापैकीं शेंकडा किती पाणी जमिनीवरून वाहून नाल्यास व तलावास मिळतें तो आंकडा. पाऊस ५०० मिलिमीटर झाला तर शेंकडा १५, ७०० झाला तर २५, ९०० झाला तर ३४, १,००० झाला तर ३८ आणि १,१०० झाला तर ४०. ‘बिनीचे टक्के’ या नांवानें हे आंकडे प्रसिद्ध आहेत, आणि विदर्भांतील व मध्यप्रदेशांतील तलावांच्या पाण्याचे अंदाज वर्षानुवर्षें त्यांच्या आधारानें बांधले गेले. हे आंकडे ज्या भूमीवर मोजून काढले, ती भूमि नागपूर शहराच्या पश्चिमेस अंबाझरी तलावाच्या पाठीशीं आहे. संध्याकाळीं त्या तलावाच्या बांधावर फिरावयास जाणाऱ्या शेंकडों नागरिकांपैकीं ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असेल.

नागपूर हें नदीचें नांव धारण करणारें शहर असलें तरी नदीच्या पाण्यावर तें कधींच पोसलें गेलें नाहीं. नाग नदी ही पावसाळ्याचे चार महिने नदी आणि उरलेले आठ महिने ओहोळ. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं गोंड राजा बख्त बुलंद यानें येथें राजधानी वसविली. त्याचा पुत्र चांद सुलतान यानें शहरास तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. तोच पुढें शुक्रवार तलाव व अलीकडे गांधीसागर म्हणून ओळखला जाऊं लागला. भोसल्यांच्या राजवटींत सोनेगांव, तेलनखेडी, सक्करदरा अशीं तळीं व बागा झाल्या. परंतु सामान्य माणसाचा भरंवसा विहिरीवर. पाऊस बरा झाला कीं विहिरी उन्हाळाभर पुरत. नाहीं झाला तर चैत्रापासून घागरींच्या रांगा लागत. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं नागपूर मध्यप्रांताची राजधानी झालें, १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली आणि १८६७ सालीं मुंबईहून आगगाडी येऊन पोहोंचली. तेरा वर्षांच्या अवधींत शहराचें रूप पालटलें. पाणी मात्र तेवढेंच राहिलें.

अशा वेळीं, १८६८ सालीं, अलेक्झांडर रिचर्डसन बिनी नांवाचा एकोणतीस वर्षांचा इंग्रज अभियंता सार्वजनिक बांधकाम खात्यांत नोकरीस लागून नागपुरास आला. शहरास नळानें पाणी पुरविण्याची योजना आंखणें हें त्याचें काम. अंबाझरी शहराहून उंचावर असल्यामुळें तेथून पाणी आपल्या ओघानेंच नळांतून खालीं उतरेल, हें कोणासहि दिसण्याजोगें होतें. दिसण्याजोगा नव्हता तो प्रश्न निराळाच. तलाव किती मोठा करावा? बांध हात दोन हात उंच केला म्हणून पाणी आपोआप वाढत नाहीं. आकाशांतून जेवढें पडेल आणि पडलेल्यांतून जेवढें वाहून येईल तेवढेंच तलावास मिळणार. नागपुरांत पाऊस किती पडतो याची थोडीफार नोंद होती. परंतु पडलेल्यापैकीं वाहतें किती, याचें खात्रीचें उत्तर देणारें कोणी नव्हतें.

विलायतेंतील अभियंत्यांजवळ याविषयीं ठोकताळे होते. तिकडे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, हवा थंड, जमीन सदा ओलसर. येथें आठ महिने कोरडे, वैशाखांत अंगाची लाही करणारें ऊन, आणि मग चार महिन्यांत सारा पाऊस. तिकडचा ठोकताळा इकडे लावणें म्हणजे लोकरीचा डगला नागपूरच्या मे महिन्यांत अंगावर घालण्यासारखेंच.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाहत्या पाण्याची पारख या भूमींत मुळींच नव्हती असें नाहीं. भंडारा, गोंदिया आणि चांदा या भागांत कोहळी समाजानें गोंड राजांच्या काळापासून हजारों तलाव बांधले. मालगुजारी तलाव म्हणून ते पुढें नांवारूपास आले. कोणत्या टेकडीच्या पायथ्याशीं किती लांब पाळ घातली असतां किती शेती भिजेल, हें त्या माणसांस उत्तम कळत होतें. त्यांचे तलाव शतकानुशतकें टिकले, यांतच त्यांचें गणित बरोबर असल्याची साक्ष आहे. पण तें ज्ञान बापाकडून मुलाकडे जात होतें, कागदावर येत नव्हतें. आणि कागदावर नसलेलें ज्ञान दुसऱ्या गांवीं नेतां येत नाहीं, तपासून सुधारतांहि येत नाहीं. बिनी यांनीं केलें तें एवढेंच कीं हिशेब कागदावर आणला.

अशी मोजणी करण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. ज्या भूमीचें पाणी तलावाकडे उतरतें तिची पाहणी करून क्षेत्रफळ काढावयाचें. अंबाझरीच्या बाबतींत तें सुमारें १६ चौरस किलोमीटर, म्हणजे सहा चौरस मैलांहून थोडें अधिक होतें. पर्जन्यमापकांत रोजचा पाऊस मोजावयाचा. तलावांत किती उंचीवर किती पाणी मावतें याचें कोष्टक आधीं करून ठेवावयाचें, आणि पाण्यांत उभ्या केलेल्या खुणांच्या पट्टीवर रोज पातळी वाचावयाची. पातळी चढली त्यावरून आलेलें पाणी कळतें. त्यांत सांडव्यावरून गेलेलें, नळांतून काढलेलें आणि उन्हानें उडून गेलेलें पाणी मिळवावें लागतें. खरी कसोटी बुद्धीची नसून नेमाची आहे. मुसळधार पावसांतहि पट्टी वाचलीच पाहिजे, किंबहुना त्याच दिवशीं ती वाचणें सर्वांत महत्त्वाचें. एक दिवस चुकला तर सारा हिशेब लंगडा होतो. कोष्टकास बिनींचें नांव लागलें. चिखल तुडवीत जाऊन पट्टी वाचणाऱ्याचें लागलें नाहीं, आणि तें कधींच लागत नसतें.

१८६९ आणि १८७२ या दोन वर्षांच्या पावसाळ्यांचे आंकडे बिनी यांनीं एकमेकांशेजारीं मांडले. जून महिन्यापासून पडलेल्या पावसाची बेरीज एका बाजूस, आणि त्या त्या दिवसापर्यंत वाहून आलेल्या पाण्याची बेरीज दुसऱ्या बाजूस, अशी वक्ररेषा काढली. दोन वर्षांच्या दोन रेषा जवळजवळ सारख्या निघाल्या. पाऊस लहरी असतो. परंतु पडलेल्या पावसाशीं भूमि कसें वागते तें लहरी नसतें, त्यास कांहीं नियम असतो, हें त्या सारखेपणावरून दिसून आलें.

तो नियम शेतकऱ्यास ठाऊक असलेलाच आहे. उन्हाळ्यांत काळी जमीन तापून भेगाळते. भेगा इतक्या कीं काठी घातली तर हातभर आंत जाते. मृगाचा पहिला पाऊस कितीहि जोराचा येवो, तो या भेगांत गडप होतो. नाल्यास पाणी येत नाहीं, तलावाची पातळी हलत नाहीं. पुढें माती फुगून भेगा मिटतात, जमीन पोटभर पिते, आणि मग भाद्रपदांत पडणारा पाऊस वरच्यावर वाहून जाऊं लागतो. म्हणून दोन इंच पाऊस जूनमध्यें पडला काय आणि सप्टेंबरमध्यें पडला काय, पर्जन्यमापकास दोन्ही सारखे. तलावास मात्र त्यांत जमीनअस्मानाचें अंतर. वर्षाचा पाऊस जसा वाढतो तसे टक्केहि वाढतात, याचें कारण हेंच.

या साध्या कोष्टकाचा अर्थ किती कठोर आहे तें थोड्या गुणाकारानें कळतें. १६ चौरस किलोमीटर भूमीवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचे शेंकडा ३८ वाहून आले, तर तलावास सुमारें ६१ लक्ष घनमीटर पाणी मिळालें. नागपूरचें तें साधारण वर्ष. आतां पाऊस निम्मा, म्हणजे ५०० मिलिमीटर झाला असें धरूं. सामान्य बुद्धि म्हणते, पाणीहि निम्में मिळेल. परंतु आतां वाहणारा भाग १५ टक्केच. म्हणजे तलावास १२ लक्ष घनमीटर. पाऊस निम्मा, पाणी एक पंचमांश! १८७२ च्या शिरगणतींत नागपूरची वस्ती सुमारें ८४ हजार होती. चांगल्या वर्षाचें पाणी माणशीं दररोज १९७ लिटर पडतें, तर वाईट वर्षाचें अवघें ३९. आणि यांतून तलावाच्या पृष्ठावरून उन्हानें उडणारें व तळांतून झिरपणारें पाणी वजा जावयाचें आहे तें निराळेंच. नुसत्या सरासरीवर विसंबून ज्यानें तलाव बांधला असता त्यानें पहिल्याच अवर्षणांत शहर तहानेनें मारलें असतें.

बिनी येथेंच थांबले नाहींत. पाऊस वर्षानुवर्षें किती कमीजास्त होतो, आणि किती वर्षांच्या नोंदी हातीं असल्या म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यांनीं आयुष्यभर सोडला नाहीं. नागपूरची जलयोजना, तेथील पाऊस, भूमीवरून वाहणारें पाणी, बाष्पीभवन आणि पर्जन्याची अनियमितता या सर्वांचें विवेचन करणारा त्यांचा निबंध लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढें १८७४-७५ च्या अधिवेशनांत आला आणि त्यास टेल्फर्ड पदक मिळालें. वरोऱ्याजवळच्या कोळशाच्या शोधांतहि त्यांचा हात होता. पुढें ते विलायतेस परतून ब्रॅडफर्डच्या जलकामांचे आणि १८९० पासून लंडन काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले. थेम्स नदीखालील ब्लॅकवॉलचा बोगदा त्यांचा. तो १८९७ सालीं खुला झाला आणि त्याच वर्षीं ते ‘सर’ झाले. १८९२ सालीं त्यांनीं देशोदेशींच्या पावसाचा अभ्यास करून असें दाखविलें कीं सुमारें ३५ वर्षांच्या नोंदी असतील तर सरासरींतील चूक दोन टक्क्यांच्या आसपास येते. नागपुरांत पडलेली संवय लंडनमध्येंहि सुटली नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. १९१७ सालीं ते वारले.

त्यांच्यामागून इतरांनीं इतर भूमींचीं मापें घेतलीं. स्ट्रेंज यांनीं महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागांतील पाणलोट चांगले, मध्यम आणि वाईट असे तीन प्रकारचे मानून निरनिराळे आंकडे दिले. इंग्लिस आणि डिसूझा यांनीं पश्चिम भारतांत ५३ ठिकाणीं नद्यांचे प्रवाह मोजून १९२९ सालीं घाटासाठीं एक आणि देशासाठीं दुसरें अशीं दोन सूत्रें सांगितलीं. घाटांत पडणाऱ्या पावसाचा बहुतेक भाग वाहून जातो, देशावर फारच थोडा. एकाच प्रांतांत दोन सूत्रें करावीं लागलीं यांत नवल नाहीं. परंतु या सर्व विद्वानांच्या कष्टांचा एक विपरीत परिणामहि झाला. कोष्टक मिळालें म्हटल्यावर मोजण्याची गरज संपली, असें मागाहून आलेल्यांस वाटूं लागलें. दोन पावसाळ्यांत एका लहान पाणलोटावर मिळालेले आंकडे शंभर वर्षें गुरुवाक्याप्रमाणें वापरले गेले. मूळ मोजणाऱ्यानें दुसऱ्यांच्या कोष्टकावर विश्वास न ठेवतां स्वतः पट्टी रोवली होती, याचा सोयीस्कर विसर पडला.

इकडे शहर वाढतच होतें. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळला. अंबाझरी अपुरी पडूं लागली तेव्हां गोरेवाडा तलाव झाला, मग कन्हान नदीचें पाणी उचलण्यांत आलें, आणि शेवटीं पेंच नदीवर तोतलाडोह व नवेगांव खैरी हीं धरणें झालीं. तोतलाडोहांत वापरण्याजोगें पाणीच एक हजार दशलक्ष घनमीटरांहून अधिक मावतें. अंबाझरीस एका चांगल्या वर्षांत मिळणाऱ्या पाण्याच्या तें दीडशेंपटीहून जास्त. पाण्याच्या शुद्धतेचें माप घेणारी मध्यवर्ती संशोधन संस्थाहि १९५८ सालीं नागपुरांतच स्थापन झाली; १९७४ पासून ती ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाते. एवढ्या मोठ्या धरणाचा आधार मिळाल्यावर शहर निश्चिंत झालें.

ती निश्चिंती २०१९ सालीं मोडली. लागोपाठ पाऊस कमी झालेला. त्यांतच पेंचच्या वरच्या अंगास मध्यप्रदेशांत चौराई येथें धरण पूर्ण होऊन तेथें पाणी अडूं लागलेलें. तोतलाडोह तळास गेला आणि जुलै महिन्यांत, म्हणजे ऐन पावसाळ्यांत, नागपुरांत एक दिवसाआड पाणी सोडावें लागलें. चौराईचें धरण बेकायदेशीर नव्हतें; मध्यप्रदेशाचा वांटा पूर्वींपासून मान्य होता. जो वांटा आज ना उद्यां वरच्यावर उचलला जाणार तो जोंवर खालीं वाहत येतो तोंवर आपलाच, असा हिशेब मात्र शहराच्या अंगवळणीं पडला होता. कागदावर वजा असलेलें पाणी मनांत जमा धरलें गेलें.

शहराच्या आंतील हिशेबाचीहि हीच कथा. शुद्धिकेंद्रांतून किती पाणी निघतें हें मोजतां येतें, पण तें घरोघरीं किती पोहोंचतें याचा पत्ता पूर्वीं लागत नसे. जुन्या, गंजलेल्या नळांतून किती गळतें, किती चोरीस जातें आणि किती नुसतेंच न मोजतां दिलें जातें, हे तीन निरनिराळे रोग. मीटर नसेल तर तिन्हींचें लक्षण एकच, पाणी पुरत नाहीं. २०१२ सालीं महापालिकेनें वितरणाचें काम पंचवीस वर्षांच्या करारानें एका खासगी कंपनीकडे सोपविलें. चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीस मीटर हें त्या योजनेचें सूत्र. त्यावर वाद पुष्कळ झाले आणि ते अकारण नव्हते. पाण्याचें माप घेणें आणि पाण्याचा दर वाढणें या दोन गोष्टी लोकांच्या दारीं एकदमच आल्या, त्यामुळें मीटर हें मापाचें साधन नसून वसुलीचें आहे असा समज दृढ झाला. तो समज दूर करण्यास मीटरवाल्यांनीं विशेष कष्ट घेतल्याचें दिसत नाहीं.

मापाची साधनें आतां कोठच्या कोठें गेलीं आहेत. धरणावरील पट्टी वाचण्यास माणूस पाठवावा लागत नाहीं. पाण्यावर लहरी सोडून परत आलेल्या लहरीवरून पातळी ओळखणारें यंत्र ती तासातासास कचेरींत कळवितें. महाराष्ट्रांत ‘महावेध’ योजनेखालीं महसूल मंडळागणिक दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामानकेंद्रें बसविलीं गेलीं. राज्याची भूजल यंत्रणा १९७२ पासून काम करीत असून तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेतली जाते. आणि यंत्रांचा थाट नसतांहि काय साधतें, हें अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें दाखविलें. तेथें गांवकरी पाऊस स्वतः मोजतात, गांवास किती पाणी मिळालें याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात, आणि त्यावरून रब्बीस कोणतें पीक घ्यावें तें ठरवितात. पाऊस कमी तर पाणी पिणारें पीक नाहीं. मापाचा आंकडा कळला आणि त्याच दिवशीं तो पाळलाहि गेला, असें उदाहरण शहरांत शोधावें लागेल.

अंबाझरीकडे पुन्हां वळलें पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठीं शहर आतां या तलावावर अवलंबून नाहीं; त्यामुळें त्याकडे पाहण्याची दृष्टि फिरावयास जाणाऱ्याची झाली. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत, २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, नागपुरांत कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. महिना भाद्रपदाचा, जमीन आधींच तुडुंब प्यालेली, तलाव भरलेला. १६ चौरस किलोमीटरांवर १०० मिलिमीटर म्हणजे १६ लक्ष घनमीटर. ५०० मिलिमीटरांच्या सबंध वर्षांत या तलावास जेवढें पाणी मिळावयाचें त्याहून अधिक पाणी एका रात्रींत त्याच भूमीवर पडलें. त्यांतील किती मुरलें? पाणलोटाचा बराच भाग आतां शेताचा किंवा माळाचा राहिलेला नाहीं. तेथें रस्ते झाले, घरें झालीं, फरशा झाल्या. आणि फरशीस भेगा पडत नाहींत. तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदीच्या दोन्ही कांठांवर पाणी घरांत शिरलें, झोपेंतील माणसें पाण्यानें वेढलीं गेलीं, कांहींचे प्राण गेले.

पुढें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें. बांध किती मजबूत आहे, सांडवा पुरेसा आहे काय, सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकानें पाण्याची वाट अडते काय, असे प्रश्न तेथें निघाले. या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर एकाच आंकड्यावर ठरतें: या पाणलोटावर जोराचा पाऊस झाला असतां किती पाणी, किती वेळांत, तलावाशीं येऊन पोहोंचतें. १८६९ आणि १८७२ सालचा तो आंकडा उपलब्ध आहे. परंतु तो ज्या भूमीचा होता ती भूमि आतां तेथें नाहीं.